द्राक्षबागेतली फेरी आणि वाईन टेस्टिंग: सांगलीकडनं निघणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

वाईन टेस्टिंगला जायचं म्हटलं की आपल्याकडची मंडळी पहिलं नाशिकचं बुकिंग बघतात, मग हॉटेल, स्विमिंग पूल, ग्लास हातात धरून फोटो, आणि परत येईपर्यंत द्राक्षाचं एक पानसुद्धा जवळनं बघितलेलं नसतं. नाशिकला जावा की, चांगलंच आहे, पण सांगलीच्या माणसानं एवढ्यावर समाधान मानू नये असं माझं मत आहे. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर असा अख्खा द्राक्षपट्टा आपल्या दाराशी, प्रत्येकाच्या नात्यात एक तरी बागायतदार, म्हणजे आधी बाग आणि मग ग्लास असा क्रम आपल्याला फुकटात लावता येतो. टेस्टिंग रूममध्ये कुणीतरी सांगणार "यात मिरीचा वास येतोय बघा" आणि आपण नुसती मान डोलावणार, त्यापेक्षा आधी बागेत मणी चावून, साल चघळून, बी दाताखाली फोडून बघितली की ग्लासात काय शोधायचं ते आपलं आपल्याला कळतं.

खालचं सगळं सहा ते आठ जणांचा ग्रुप धरून लिहिलंय. त्याच्यावर माणसं नेऊ नका. आपल्याकडं बागेत दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर असतंय, वर वेलीचा मांडव, त्यात पंधरा माणसं घुसली की पुढचे चार जण ऐकतात आणि मागचे रील काढतात.

बाग कुठली आणि ग्लास कुठं, हे आधी वेगळं करा

या दोन गोष्टी एकाच जागी मिळतील असं धरून चालू नका. खायच्या द्राक्षाची बाग तासगाव तालुक्यात कुठंही मिळेल, ओळखीतनं फोन केला की काम झालं. पण वाईन चाखायची ती लायसन असलेल्या जागेतच, म्हणजे वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये.

पलूसला एमआयडीसीचा कृष्णा व्हॅली वाईन पार्क आहे हे आपल्यातल्याच निम्म्या लोकांना माहीत नसतंय. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि त्यातनं नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि आपल्याकडं पलूस अशी दोन ठिकाणं वाईन पार्कसाठी ठरली. नंतर २००८-०९ च्या मंदीत राज्यातल्या बऱ्याच छोट्या वायनरी अडचणीत आल्या, शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा काढून परत खायची द्राक्षं लावली. त्यामुळं नुसता मॅपवरचा ठिपका किंवा रस्त्यावरचा बोर्ड बघून गाडी काढू नका. आधी फोन करा आणि सरळ विचारा: युनिट चालू आहे का, बाहेरच्या लोकांना फिरवता का, टेस्टिंगचं लायसन आहे का, बाग दाखवणार का फक्त टाक्या, एका माणसाला किती प्रकार देणार, पैसे किती, आणि माहिती मराठीत सांगणारा माणूस असेल का. शेवटचा प्रश्न लाजून गाळू नका, घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर सगळी मजा त्याच्यावर आहे.

जवळ काही जमलं नाही तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला मोटेवाडीला फ्रातेली ही वायनरी आहे, सांगलीतनं साडेतीन-चार तास धरा. पुणे जिल्ह्यात पाटस-बारामतीकडं रोटीला फोर सीझन्स वायनरी आहे, ती अजून लांब. तिथंही बुकिंगशिवाय जाऊ नका.

मला विचाराल तर दोन दिवसांचा बेत सगळ्यात चांगला. पहिल्या दिवशी सकाळी तासगाव किंवा पलूसकडची खायच्या द्राक्षाची बाग निवांत फिरायची, दुपारी जेवून निघायचं, रात्री वायनरीच्या जवळपास मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाईनच्या द्राक्षाची बाग आणि टेस्टिंग. दोन्ही बागा लागोपाठ बघितल्या की जो फरक दिसतो तो पुस्तकात वाचून कळत नाही. एकाच दिवसात उरकायचं असेल तर सकाळी सहाला निघावं लागेल आणि तासगावची बाग अर्ध्या तासात आटपावी लागेल, जमतंय पण धावपळ होते.

कधी जायचं

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा पहिला आठवडा. बाकी वर्षभर लोक जातात, पण वेलीवर घड नसताना बाग बघणं म्हणजे नुसती हिरवी सावली.

याचं कारण आपल्या छाटणीत आहे. युरोपात वेल थंडीत झोपतो, वर्षाला एकच छाटणी आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. आपल्याकडं वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या घ्यायच्या आणि पीक एकच. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ती काडी तयार करायला, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर अशी मागंपुढं फळ छाटणी, तिला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. त्यानंतर चार महिन्यांच्या आसपास माल तयार होतो. डिसेंबरात मणी हिरवे, कडक आणि आंबट. जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडायला लागतो, साखर चढायला लागते आणि काळ्या जातीत रंग भरतो. तुम्ही नेमके या टप्प्यावर गेलात तर एकाच घडात हिरवा, गुलाबी आणि काळा असे तीन रंगांचे मणी बघायला मिळतात. फेब्रुवारीत वाईनच्या द्राक्षाची काढणी जोरात असते आणि वायनरीही चालू असते, टाक्यांतनं बुडबुड्यांचा आवाज, आंबूस वास, सगळं जिवंत.

छाटणीनंतरचे पहिले दीड-दोन महिने कुणाच्या बागेत पाहुणा म्हणून जायचा विचारही करू नका. अवकाळी आला की डाऊनी, ढग आलं की भुरी, असे रोग पडतात, माणूस रात्री-अपरात्री फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत असतो आणि त्यात तुमचं "आबा, जरा बाग बघायची होती." एप्रिल-मेमध्ये गेलात तर बेदाणा बघायला जावा.

तारीख ठरवताना ड्राय डे बघा. ऐन सीझनमध्ये २६ जानेवारी आणि ३० जानेवारी येतात, जोडून सुट्टी आली म्हणून सगळे नेमकी तीच तारीख काढतात आणि वायनरीत जाऊन लिंबू सरबत पिऊन येतात. निवडणुका असतील तर मतदान आणि मोजणीचे दिवसही तपासा.

कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात वाईन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र बरोबर ठेवा. दारू पिण्याचा परवाना हा प्रकार आपल्या राज्यात कागदावर अजून आहे, एक दिवसाचाही मिळतो, वायनरीत विचारलं की ते सांगतात. तिसरी गोष्ट, पाहुण्याच्या बागेत सतरंजी टाकून बाटली उघडायची आयडिया कुणीतरी काढतंच, ती काढू देऊ नका. तुम्ही संध्याकाळी घरी जाता, गावात चर्चा त्या बागायतदाराची होते.

आणि "वाईन म्हणजे दारू नव्हे, द्राक्षाचा रसच" असं म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतोय. त्यांना प्रेमानं सांगा की बारा-तेरा टक्के अल्कोहोल आहे, बिअरच्या दुप्पट-अडीचपट. गाडी चालवायची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, त्याच्यावर सापडला तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टेस्टिंगला ३० मिलीचे पाच प्रकार प्यायले म्हणजे १५० मिली, एक भरलेला ग्लास पोटात गेला. म्हणून गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं घ्या, आठ जणांत वाटून पडणारा खर्च फार नसतो. ड्रायव्हरदादाचं जेवण, चहा आणि थांबण्याचे पैसे आधी बोलून ठेवा, नाहीतर दुपारी तीनला तोंडं वाकडी होतात. पलूसकडची बाग असेल आणि त्या दिवशी वाईन नसेल तर रेल्वेनं किर्लोस्करवाडीला उतरलं तरी चालतंय, स्टेशनवरनं पलूस जवळच आहे.

गरोदर बाई, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस, पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोलचा कोर्स चालू असलेला, यांनी चाखायचं टाळायचं किंवा डॉक्टरला विचारून यायचं. पण त्यांना घरी बसवू नका. वाईन कळण्यातला अर्ध्याहून जास्त भाग नाकाचा आहे आणि न पिणाऱ्याचं नाक शेवटच्या ग्लासापर्यंत शाबूत राहतं, ग्रुपमध्ये असा एक माणूस पाहिजेच.

निघताना

बूट घाला, चप्पल नको, ड्रिपच्या नळ्या आणि ओल्या सरीत पाय मुरगळतो. टोपी, पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, एक पांढरा कोरा कागद आणि पेन. अत्तर, डिओ, मोगऱ्याचा गजरा त्या दिवशी राहू दे, एकानं मारलेल्या डिओनं आठ जणांचे ग्लास वाया जातात. तंबाखू, गुटखा, पुदिन्याची गोळी हे टेस्टिंगच्या आधी दोन तास तरी बंद.

पोट रिकामं ठेवून जाऊ नका, पण सकाळी कट मारलेली मिसळ पण नको, जीभ दुपारपर्यंत बधिर राहते. पोहे, उप्पीट, थालीपीठ असलं काहीतरी खाऊन निघा.

खायच्या द्राक्षाच्या बागेत

बागेत शिरायच्या आधी पहिला प्रश्न हाच: "दादा, शेवटची फवारणी कधी झाली?" औषध मारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, हे प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतंय आणि ते बागायतदारालाच माहीत असतं. त्यानं स्वतः तोडून हातात दिल्याशिवाय एकही मणी तोंडात टाकायचा नाही, आणि दिला तरी पाण्यानं धुऊन. घड हातानं चोळायचा नाही, मण्यावरची ती पांढरट लव असते ती निघून गेली की मालाचा भाव पडतो.

मग खालनं वर बघत जा. जमिनीपासनं वीतभर वर खोडावर एक गाठ दिसते, तिच्या खालचं झाड वेगळं आणि वरचं वेगळं. खाली बहुतेक ठिकाणी डॉगरिज नावाचा जंगली खुंट असतो, खारं पाणी आणि दुष्काळ सोसणारा, आणि त्याच्यावर आपली खायची जात कलम केलेली. त्याच्या वर आडवे गेलेत ते ओलांडे, ओलांड्यावरनं निघालेली ती काडी, आणि काडीवरच्या डोळ्यातनं घड येतो. एवढे चार शब्द कळले की बागायतदाराशी तासभर बोलता येतं.

जात विचारा. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद अशी नावं ऐकू येतील. तास-ए-गणेश ही तर आपल्या तासगाव तालुक्यातलीच, थॉमसनमधनं निवडून काढलेली. या सगळ्या बिनबियांच्या. आता गंमत अशी की बी हीच मण्याला फुगवणारं हार्मोन तयार करत असते, बी नाही म्हटल्यावर मणी बारीकच राहणार, म्हणून मग घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या हार्मोनच्या, पाण्यात बुडवायचा. सीझनला बायकांची टोळी कात्री घेऊन एकेका घडातले मणी विरळते, राहिलेल्या मण्याला जागा मिळावी म्हणून. काही बागांत एकेक घड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला दिसेल, उन्हानं हिरव्या मण्यावर गुलाबी झाक चढू नये म्हणून केलेली तजवीज. एक घड उघडून दाखवायला सांगा, आतला तो एकसारखा पिवळसर हिरवा रंग बघितला की या माणसानं काय कष्ट केलेत ते कळतं.

इथं एक मणी खा आणि लक्षात ठेवा: पातळ साल, करकरीत, गोड, गिळला की संपला. तोंडात मागं काही उरत नाही. पुढच्या बागेत याचीच तुलना करायची आहे.

बागायतदाराच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायची दुर्बीण, असेल तर बघायला मागा, बहुतेक बागायतदारांकडं असतो. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडं धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्या रेघेवर आकडा दिसतो तो ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप. खायचं द्राक्ष १६-१८ च्या पुढं गेलं की गोड लागतं. आकडा कागदावर लिहून ठेवा.

बोलताना एवढं पाळा. "यंदा किती सुटले?" हा प्रश्न पाहुणा म्हणून गेल्यावर विचारायचा नाही, त्याला सांगायचं असेल तर तो सांगतो. मांडवाच्या तारेला लोंबकळून फोटो नको. आणि निघताना काहीतरी विकत घ्या, ओळखीचा असला तरी पैसे देऊन. सगळ्यात सोपं म्हणजे बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन आहे, चार किलोच्या आसपास द्राक्षातनं एक किलो बेदाणा निघतो, आणि शेड बघायला मिळाली तर जाळीच्या रॅकवर सुकत पडलेला माल अर्धा तास तरी बघा.

वाईनच्या द्राक्षाच्या बागेत

इथं आल्यावर सांगलीचा माणूस पहिल्यांदा म्हणतो, "घड एवढेसेच? माल बिघडलाय का?" बिघडलेला नाही. खायच्या द्राक्षात ज्याच्यासाठी जिवाचं रान करतात त्याच्या बरोबर उलटं इथं चालतं. मणी लहान पाहिजे, साल जाड पाहिजे, बी पाहिजे, आणि वेलीवर माल कमी पाहिजे. आपल्याकडं एकरी दहा-बारा टन काढणारा बागायतदार असतो, इथं त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. का, तर रंग, वास आणि तुरटपणा हे सगळं सालीत आणि बीत असतं, गरात नाही. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त.

आता सावकाश करायचं काम. गाईडला काळ्या जातीचा, कॅबर्ने सॉव्हिन्यों किंवा शिराझचा, एकेक मणी प्रत्येकाला द्यायला सांगा. तो आधी दोन बोटांत धरून पांढऱ्या कागदावर हळू पिळा. रस पडतो तो जवळजवळ बिनरंगाचा. बघणारे चकित होतात, कारण द्राक्ष काळं म्हणजे रस काळाच असणार असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मग तीच साल कागदावर अंगठ्यानं घासा, जांभळा डाग उमटतो. लाल वाईन लाल का असते त्याचं सगळं उत्तर त्या कागदावर आहे: रस सालीसकट आंबवतात म्हणून. काळ्या द्राक्षाचा रस लगेच गाळून साल बाजूला काढली तर त्याच द्राक्षाची गुलाबी किंवा जवळजवळ पांढरी वाईन होते.

दुसरा मणी खायचा, पण टप्प्याटप्प्यानं. रस गिळून टाका आणि साल तोंडात ठेवून वीस-एकवेळा चावा. जास्त उकळलेल्या बिनदुधाच्या चहानं जीभ आणि हिरड्या जशा आखडतात तसंच इथं होतं, हेच ते टॅनिन. मग बी बघा. हिरवी आणि चिवट असेल तर द्राक्ष अजून तयार नाही, तपकिरी होऊन कडक फुटली तर तयार. गोडी आली म्हणजे पिकलं असं इथं चालत नाही, वाईनवाले गोडी, आंबटपणा आणि बी असं तिन्ही बघून काढणीचा दिवस ठरवतात.

मग पांढऱ्या जातीची ओळ. चेनिन ब्लँकचा घड एवढा गच्च असतो की मण्यांत बोट जात नाही, म्हणून पावसात तो लवकर सडतो. सॉव्हिन्यों ब्लँकचा मणी चावून बघा, थोडा हिरवट, गवताचा आणि ढोबळी मिरचीचा वास सालीत सापडतो का ते बघा. सापडला तर पुढं ग्लासात तो चटकन ओळखाल.

ब्रिक्स इथंही विचारा. वाईनसाठी साधारण २२ ते २४ पर्यंत चढू देतात. मघाशी कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, म्हणजे ही बारकी, तुरट वाटणारी द्राक्षं आपल्या सोनाकापेक्षा जास्त साखरेची निघतात. यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं आणि मोटामोटी हिशेब असा की ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडं जास्त अल्कोहोल होतं, २२ ला बारा-साडेबारा टक्के. मग बाटलीवरचा टक्का वाचताना तो बागेतनं आलेला आकडा आहे हे डोक्यात राहतं.

गाईडला विचारण्यासारखं अजून एक: काढणी किती वाजता करता? पहाटे किंवा रात्री असं उत्तर येईल. ऊन चढलं की द्राक्ष तापतं, वास उडतो, आणि वायनरीत पोचेपर्यंत आपल्या आपण आंबायला लागतं.

टाक्यांच्या शेडमध्ये

हे पटकन होतं. स्टीलच्या टाक्या, दाबायचं मशिन, ओकची पिंपं. पांढरी वाईन थंड ठेवून, लाल थोडी गरम ठेवून आंबवतात एवढं कळलं तरी पुष्कळ. एकच सांगतो, आंबवण चालू असलेल्या टाकीच्या तोंडात डोकं घालून वास घ्यायला जाऊ नका. तिथं कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि माणूस जागेवर बेशुद्ध पडू शकतो. पोरं बरोबर असतील तर हात धरून ठेवा.

ग्लासापुढं बसल्यावर

क्रम असा: फसफसणारी, पांढरी, रोजे म्हणजे गुलाबी, लाल, आणि गोड असेल तर सगळ्यात शेवटी. उलटं केलं की लालच्या तुरटपणानंतर पांढरी पाण्यासारखी वाटते.

ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेनं वाईन तापते. कागदावर तिरका धरून रंग बघा, काठाकडं जास्त बघा. पांढरी वयानं गडद होत जाते आणि लाल वयानं फिकी, विटकरी. मग न हलवता एक वास घ्या, टेबलावर ठेवूनच ग्लास गोल फिरवा आणि परत वास घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या वासात फरक पडतोच. लगेच बोलू नका, प्रत्येकानं आधी कागदावर लिहायचं आणि मग सांगायचं, नाहीतर पहिला बोलणारा "पेरू" म्हणतो आणि बाकी सात जणांना पेरूच येतो. तुमच्या ओळखीचेच वास लिहा. शिराझमध्ये काळी मिरी, चेनिनमध्ये पेरू, सफरचंद, मध, कॅबर्नेत जांभूळ. चिंचेची आठवण झाली तर चिंच लिहा, परीक्षा नाहीये.

मग छोटा घोट, तोंडात सगळीकडं फिरवायचा, ओठ थोडे उघडून हवा आत ओढायची, थोडा आवाज होतो, होऊ दे. चार गोष्टी तपासा: गोडी आहे का, आंबटपणानं तोंडाला पाणी सुटतं का, हिरड्या आखडतात का, आणि गिळल्यावर किती वेळ चव राहते. सांगलीकडची माणसं इथं एका जागी हमखास फसतात, फळाचा वास आला की "गोड आहे" म्हणतात. नाक धरून घोट घ्या, खरंच गोड असेल तर तेव्हाही लागेल. भारतातल्या बऱ्याच चेनिन ब्लँकमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते, ती कळेल. सॉव्हिन्यों ब्लँक बहुतेक कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, निघेल. आणि गोड नाही म्हणजे खराब आहे हे डोक्यातनं काढा, आपण लहानपणापासनं गोडीवर द्राक्षाचा भाव ठरताना बघितलंय म्हणून ते होतं.

थुंकायचं भांडं टेबलावर असतं, नसेल तर मागा. "पैसे भरलेत आणि थुंकायचं?" असा आवाज येणार. पण पाचही प्रकार नीट कळायला पाहिजे असतील तर पहिल्या चारांतला निम्मा तरी भांड्यात गेला पाहिजे, आणि जो आवडला त्याचा शेवटी निवांत एक ग्लास घ्या. प्रत्येक प्रकारामागं दोन घोट पाणी आणि पावाचा कोरा तुकडा.

लाल वाईन रूम टेंपरेचरला द्यायची हे वाक्य थंड देशातलं आहे. मार्चमधल्या पस्तीस अंशांत ती उकडल्यासारखी लागते, नुसता अल्कोहोलचा भपका. सोळा-अठराच्या आसपास पाहिजे, म्हणून बिनधास्त सांगा, "जरा दहा मिनिटं बर्फात ठेवा." पांढरी आठ ते बारा. उलटपक्षी पांढरी फ्रिजमधनं दात कळवळेल अशी आली तर थोडी थांबू द्या, अतिथंड वाईनला वासच नसतो.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष, व्हिनेगरचा आला तर हवा लागून बिघडलेली. दोन्ही वेळेला दुसरी बाटली मागायची, त्यात उद्धटपणा काही नाही, चांगला गाईड स्वतःच वास घेऊन बदलून देतो.

खाणं

टेस्टिंग चालू असताना तिखट काही नको. संपल्यावर भडंग काढा आणि थंड, किंचित गोड चेनिनबरोबर खाऊन बघा, भारी जमतंय. तांबड्या रश्श्याबरोबर कॅबर्ने मात्र नको, मिरची आणि टॅनिन एकत्र आले की तोंडाची आग होते आणि दोन्हीची चव जाते. कमी तिखटाचं सुकं मटण आणि शिराझ हे चालतं. पोरांना आणि न पिणाऱ्यांना तिथंच ताजा रस मिळतो का विचारा, नाहीतर बागेतनं घेतलेला बेदाणा आहेच.

विकत घेताना आणि आणताना

आवडलेल्या दोनच बाटल्या घ्या, टेस्टिंगच्या भरात पेटी उचलू नका. बिल जपून ठेवा. अथणी, विजापूर, बेळगावकडं पाहुणे असणाऱ्यांनी परस्पर तिकडं बाटल्या घेऊन जाऊ नये, हद्द ओलांडली की कर्नाटकचे नियम लागतात. गाडी जेवायला थांबली की बाटल्या डिकीत ठेवू नका, मार्चच्या उन्हात तासाभरात वाईन शिजते. थर्माकोलच्या पेटीत बर्फाची पिशवी टाकून आणा. घरी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर नको, खाली, अंधारात, बुचाची असेल तर आडवी, स्क्रूची असेल तर उभी चालते. पांढरी वर्ष-दोन वर्षांत संपवा, ठेवून मुरेल अशी आशा बहुतेक पांढऱ्यांकडनं धरायची नाही. उघडल्यावर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा, आणि तीन दिवसांत संपवायची. त्यातनं उरलीच तर मटणाच्या मॅरिनेशनला घाला.